परतीचा काटा

१

दुपारी चार वाजता रेडिओच्या खोलीतली खुर्ची रिकामी ठेवायची नाही. आणि का, ते विचारायचं नाही.

आमच्या घरात बाकी कशावरही वाद व्हायचा. पंखा कितीवर ठेवायचा, ओला टॉवेल कोणाचा, मी केस इतके आखूड का कापले. थोरले काका, आत्या आणि बाबा तिघेही माझ्यावर तोंडसुख घ्यायचे आणि मी एकाला दोन ऐकवायचे. 'उलट उत्तर' हेच माझं नाव पडायचं, पण काकांनी ठेवलेलं 'ठिणगी' आधी चिकटलं. या एका नियमावर मात्र कोणी बोलायचं नाही. सातव्या वर्षी मी पहिल्यांदा 'का' विचारलं, तेव्हा आत्याने हातातली लाकडी पट्टी टेबलावर आडवी ठेवली. ती शाळेत गणित शिकवायची, पट्टी म्हणजे तिचं सहावं बोट. म्हणाली, "आजोबांनी सांगितलंय." चौदाव्या वर्षी पुन्हा विचारलं. तेव्हा आजोबा नव्हते, उत्तर मात्र तेच होतं.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. बोळाच्या टोकाला, जिथे इतरांच्या घरी अडगळ असते तिथे, आठ बाय सहाची ही खोली. एक टेबल, त्यावर आजोबांचा सेट, जमिनीला स्क्रूने जखडलेली लोखंडी खुर्ची, आणि एक खिडकी, जिचा पडदा सरकवलेला मी कधी पाहिला नव्हता. खिडकीच्या चौकटीतल्या भोकातून तांब्याची एक तार बाहेर जायची, मागच्या अंगणावरून पलीकडच्या पाण्याच्या टाकीकडे. लांबी वीस मीटर.

हौशी रेडिओचं वेड आजोबांचं. परवाना काढायचा, सेट स्वतः जोडायचा आणि तारेवरून जगभर हाका मारायच्या. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. सेटला समोर पन्नास ओहम अडथळा हवा असतो. तार मात्र एका टोकाकडून जोडली तर तिच्या टोकाशी अडीच हजारांच्या आसपास ओहम असतात. मुंगीने हत्तीशी हात मिळवण्यातला प्रकार. मध्ये काही नसेल तर सेटने पाठवलेलं बहुतेक सगळं तारेवर आपटून माघारी येतं. म्हणून मध्ये एक पेटी बसवतात. पेटीत काळं कडं, कड्यावर एकीकडे दोन वेढे, दुसरीकडे चौदा. वेढे सातपट म्हणजे ओहम एकोणपन्नासपट. पन्नास गुणिले एकोणपन्नास, दोन हजार चारशे पन्नास. जुळलं.

जुळलं की नाही ते दोन काट्यांच्या मीटरवर दिसतं. एक काटा 'गेलेलं' दाखवतो, दुसरा 'परतलेलं'. आत्याने तबकडीवर तसे कागद चिकटवले होते, फळ्यावरच्या तिच्या गोल अक्षरात. परतीचा काटा शून्यावर आला की जुळणी पूर्ण. गेलेलं सगळं गेलं, परत काही आलं नाही.

या सगळ्याला आमच्या घरात 'तारेला भरवणं' म्हणत. पेटीतून तार जिथे निघते ते तिचं 'तोंड'. लहानपणी मला ते गोड वाटायचं. मी काकांना विचारायचे, आज तारेने किती खाल्लं? काका हसायचे. म्हणायचे, पोटभर.

२

काका टेलिफोन खात्यात होते. बत्तीस वर्षं सकाळचीच पाळी, तीनला घरी, चारला खुर्चीत. बढती दोनदा नाकारली, कारण बढतीबरोबर बदली होती. आम्ही चौघे एकत्र कधी कुठे गेलो नाही. एक जण मागे राहायचाच. मला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की कॉलेजात मैत्रीण म्हणाली, आमच्या घराला कुलूप लावून आम्ही सगळे महिनाभर बाहेर होतो, तर मला आधी कुलूप हा शब्दच विचित्र वाटला.

त्या रविवारी सकाळी काकांच्या हातातून कप पडला. डावा हात. त्यांनी कपाकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं आणि हात टेबलावर पालथा ठेवला, बोटं पसरून, जणू तो दुसऱ्याचा होता आणि सांभाळायला दिला होता. डॉक्टर येऊन गेले. हाताला टाचणी टोचली, गुडघ्यावर हातोडी मारली. म्हणाले शिरा ठीक आहेत, विश्रांती द्या.

मला शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या गाडीने निघायचं होतं. दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, मोजमापाची उपकरणं तपासायची. सोमवारी रुजू. पत्र महिनाभर माझ्या उशीखाली होतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या चार वर्षांत वर्गात मी एकटी होते जिला सोल्डरिंगचा डाग देताना नाकाला चटका बसलेला नव्हता, आणि हे श्रेय बाबांचं. ते मोटारींचं वाइंडिंग करतात. मी पाच वर्षांची असल्यापासून त्यांच्याकडे वेढे मोजत बसायचे.

तिघांनी जेवणाच्या टेबलाशी बैठक घेतली आणि मला बोलावलं. आत्या म्हणाली, पाच दिवस तू बसायचंस. बाबा ताटाच्या कडेवर बोट फिरवत होते. मी विचारलं, बाबा का नाही बसत? तू का नाही बसत, आत्या? त्यावर आत्या म्हणाली की तिचं अर्धवटच जुळतं, आणि बाबांचं कधी जुळलंच नाही.

मला हसू आलं. म्हटलं, माणसाचं जुळायचा काय संबंध? तिथे पेटी आहे ना?

"एकाला दोन बोलू नकोस," आत्या म्हणाली. "पाच दिवस. मग जा हवं तिथे."

पाच दिवसांनी सुटका होत असेल तर पाच तास काय, असा मी हिशेब केला. हाच माझा मूर्खपणा.

३

सोमवारी काका मला दाखवायला आले. टेबलाच्या कडेला पितळेची पट्टी होती, हातभर लांब, मधोमध झिजून गुळगुळीत झालेली. त्यावर डावा पंजा पालथा ठेवायचा. तासभर उचलायचा नाही. तासात तीनदा हाक द्यायची, बाकी वेळ कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि वहीत नोंद करायची. वही मी चाळली. तारीख, वेळ, परतलेलं, ऐकू आलं. 'परतलेलं' खाली ओळीने शून्यं. 'ऐकू आलं' खाली आडव्या रेघा. पानामागून पान. मी विचारलं, काका, तुमच्याशी कोणी कधी बोललंच नाही? ते म्हणाले, आपण बोलायचं. त्यांचं काम ऐकायचं.

त्यांचं म्हणजे कोणाचं, हे मी विचारायच्या आत ते गेले, आणि आत्याने बाहेरून कडी लावली. मध्ये कोणी येऊ नये म्हणून, ती दारापलीकडून म्हणाली. मला बसल्या बसल्या प्रश्न पडला, चौघांच्या घरात, जिथे चारला कोणी इकडे फिरकतही नाही, तिथे येणार कोण?

पंजा पट्टीवर ठेवला. पितळ थंड लागेल असं वाटलं होतं. ते कोमट होतं, जसं कोणी आत्ताच उठून गेलेल्या खुर्चीचं लाकूड असतं.

पहिली हाक दिली. काटे उठले. गेलेलं वीस वॉट. परतलेलं थोडं थरथरलं आणि शून्यावर बसलं.

मी खूश व्हायला हवं होतं. पण एवढी स्वच्छ जुळणी मी प्रयोगशाळेतही पाहिली नव्हती. मी सेटची लहर बदलायची खुंटी फिरवली. वीस मीटर तार लहरींच्या ठरावीक पट्ट्यांतच नीट जुळते, बाजूला सरकलं की परतीचा काटा उठलाच पाहिजे. उठला नाही. टोकापर्यंत नेली. शून्य. उलट्या टोकाला नेली. शून्य.

मग ऐकू लागले. हेडफोनमध्ये नेहमी खरखर असते, दूरच्या विजा, कोणाच्या तरी मोटारीचं फरफरणं. इथे काहीच नव्हतं. सेट बंद पडला असं वाटून मी उजव्या हाताने टेबलावर टिचकी मारली. बोटाला टेबल लागलं. आवाज झाला असणार. पण त्या आठ बाय सहाच्या रिकाम्या भिंतींवरून तो माझ्याकडे आला नाही.

पाचला आत्याने कडी काढली. मी वहीत लिहिलं, परतलेलं शून्य, ऐकू आलं आडवी रेघ. अक्षर माझंच होतं, फक्त जरा गोल.

४

मंगळवारी सकाळी आत्या पुस्तकं बदलायला वाचनालयात गेली तशी मी पेटी उघडली. पेटी उघडायची नाही हाही नियम होता, पण तो लहान नियम होता.

आत आजोबांची सुबक कारागिरी. काळं कडं, दोन वेढे, चौदा वेढे, मी दोनदा मोजले. सगळं पुस्तकात असतं तसं. फक्त एक गोष्ट कमी होती. अशा जुळणीत तारेला जोडीदार लागतो, छोटीशी दुसरी तार, दोन मीटर पुरते, नुसती जमिनीवर टाकून ठेवायची. वीज पुढे ढकलायची तर पाय रोवायला मागे काहीतरी हवं ना, तसं. आजोबांच्या पेटीत त्यासाठी स्क्रू होता, पण तार नव्हती. स्क्रूपासून जाड तांब्याची वेणी निघून टेबलाच्या फळीतून खाली गेली होती. मी टेबलाखाली शिरून पाहिलं. वेणी पितळी पट्टीला डागली होती.

मी टेबलाखाली बसूनच हसले. हेच ते गूढ. तारेचा जोडीदार म्हणजे खुर्चीतला माणूस. म्हातारबाबांनी दोन मीटर तार वाचवायला दोन पिढ्या बसवून ठेवल्या होत्या. यांनी एकदाही पेटी उघडून पाहिली नाही.

बाबांच्या कपाटातून दोन मीटर तार आणली, स्क्रूला जोडली, जमिनीवर पसरली. कॉलेजातून उसना आणलेला मीटरही जुन्याशेजारी लावला, जुना बिघडला असेल तर कळावं म्हणून. खुर्चीत न बसता, पट्टीला न शिवता, उभ्यानेच हाक दिली.

दोन्ही मीटरवर परतीचा काटा पार टोकाला जाऊन आपटला. पाठवलेलं सगळं माघारी.

तार पाच मीटर केली. तेच. नळाला जोडून पाहिली. तेच. सेट गरम व्हायला लागला. शेवटी एक बोट, फक्त एक बोट, पट्टीला लावलं. दोन्ही काटे शून्यावर.

मागून आत्या म्हणाली, "त्याला तार नको असते."

ती दारात उभी होती. वाचनालयाची पिशवी खांद्यावर होती. ओरडली नाही, पेटी का उघडलीस म्हणाली नाही. मी विचारलं, त्याला म्हणजे? तिने पिशवीतून पुस्तकं काढून उजव्या हातावर एकावर एक रचली आणि म्हणाली, केस बांधत जा बसताना, नीट दिसतं.

दुपारी चारला मी खुर्चीत बसले तेव्हा माझे केस बांधलेले होते. ते मी कधी बांधले ते मला आठवेना. इतके आखूड केस बांधायला तिचीच पिन लागली असणार.

५

माणसाच्या अंगाचेही ओहम मोजता येतात. मल्टिमीटरची दोन टोकं दोन हातांत धरायची. आकडा लाखांत येतो आणि सारखा नाचतो. घाम आला की उतरतो, हात कोरडे झाले की चढतो. जिवंत माणसाचा आकडा स्थिर राहत नाही, हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक असतं. मी सोमवारी सकाळी गंमत म्हणून माझा मोजला होता, चार लाखांच्या वरखाली. बुधवारी सकाळी मोजला, साठ हजार. घाम असेल. हात धुतले, पुसले, पंख्याखाली धरले. साठ हजार. नाचही कमी झाला होता.

मग मी काकांकडे गेले. ते गॅलरीत बसले होते, डावा पंजा मांडीवर पालथा. पूर्वी मला बघताच म्हणायचे, आली ठिणगी, आता घर पेटणार. मी म्हटलं, काका, एक प्रयोग करायचाय. ते म्हणाले, कर. मी म्हटलं, तुमच्या त्या बढतीचं मला आज पटलं, तुम्ही घाबरटच होतात. मुद्दाम म्हटलं. या वाक्यावर ते एकदा दोन दिवस रुसले होते. ते म्हणाले, हो.

त्यांच्या दोन हातांत टोकं दिली. दोन हजार चारशे पन्नास.

मी आकडा नाचायची वाट पाहिली. त्यांचे हात पाण्यात बुडवले. दोन हजार चारशे पन्नास. कोरडे केले. दोन हजार चारशे पन्नास. दुकानातून आणलेला रेझिस्टर, ठरल्या ओहमचा निर्जीव तुकडा, तेवढा सांगतो तसा.

बाबा कामावर होते. जेवायला आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, भाताचा घास हातात तसाच धरून. ते ऐकत राहिले. म्हणाले, मीटरचा सेल उतरला असेल. त्यांच्यासारखा माणूस, ज्याला मोटारीच्या आवाजावरून कुठला वेढा जळालाय ते कळतं. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला माहीत आहे. ते उठून हात धुवायला गेले आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

आत्याला मी सरळ विचारलं. आज नाही बसले तर काय होईल? खुर्ची एक दिवस रिकामी राहिली तर?

ती ताटं उचलत होती. "राहिली होती एकदा," ती म्हणाली. "त्या दिवशी आपण घरात सहा जण होतो."

मी मनात मोजलं. आजोबा. काका. आत्या. बाबा. मी, दोन वर्षांची. आणि आई. आई तापाने गेली असं मला सांगितलेलं होतं. कसला ताप, किती दिवस, कुठलं हॉस्पिटल, हे मी, प्रत्येक गोष्टीला का विचारणारी मी, कधीच विचारलं नव्हतं.

चारला मी बसले. कोणी ढकललं नाही.

६

गुरुवारी आकडा नऊ हजार होता. दुपारी मैत्रिणीचा फोन आला. नव्या शहरात आम्ही खोली वाटून घेणार होतो. तिने घरमालकिणीची नक्कल केली, तिला अशा नकला फार छान येतात. ती थांबली. मग म्हणाली, "अगं, आहेस ना?" मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, मग हस की. भिंतीशी बोलतेय असं वाटतंय.

फोन ठेवल्यावर मी पेन घेतलं, खोक्यांवर पत्ते लिहायचं जाड काळं पेन, आणि डाव्या तळहातावर लिहिलं, का. उद्यापर्यंत मला हे आठवणार नाही अशी भीती वाटत होती. लिहितानासुद्धा एकदा थांबून विचार करावा लागला की पुढे काय लिहायचं होतं.

चार वाजता आत्याने कडी लावली. मी तळहात पट्टीवर ठेवला. 'का' पालथं झालं.

दोन हाका दिल्या. शून्य, शून्य. मग मला पडदा दिसला. म्हणजे तो रोजच तिथे होता. आज मला वाटलं की चार दिवस मी तारेच्या तोंडाशी बसतेय, आणि दुसरं टोक कसं बांधलंय ते मला माहीत नाही. कसं बांधायचं ते ठाऊक होतं. टोकाला चिनी मातीचा पांढरा मणी, मण्यातून नायलॉनची दोरी, दोरी टाकीच्या खांबाला. टेबलावर आत्याची लाकडी पट्टी पडली होती. डावा हात जागेवर ठेवून उजव्या हाताने पट्टी लांबवली आणि पडद्याची कड बाजूला केली.

बाहेर स्वच्छ ऊन होतं. खाली अंगणात कोणाचे तरी कपडे वाळत होते, वारा होता, चादरी फुगत होत्या. पलीकडे पाण्याची टाकी. टाकीच्या खांबाला नायलॉनची दोरी होती. कुजून काळी पडलेली, हातभर उरलेली, खाली लोंबणारी. तिच्या टोकाला काही नव्हतं.

आमची तार टाकीपर्यंत पोचतच नव्हती. ती अंगणाच्या मधोमध संपत होती. हवेत. टोकाला पांढरा मणी होता, आणि मण्याला काहीच बांधलेलं नव्हतं. आणि तार सरळ होती. मोजपट्टीसारखी ताठ, जमिनीला समांतर. वाऱ्याने चादरी उडत होत्या आणि ती हलत नव्हती.

मणी मात्र स्वतःभोवती हळूहळू फिरत होता. जसा आपण दोन बोटांत काहीतरी धरून, चाळा म्हणून फिरवतो.

मी बघतेय तोवर तो फिरायचा थांबला.

मग तारेला दोनदा ओढ बसली. हलकी. दोरी नीट बांधलीय ना, हे बघायला आपण ओढून बघतो तेवढीच. माझ्या तळहाताखालचं पितळ दोनदा हललं.

मी हात उचलायचा ठरवलं. हात चिकटलेला नव्हता, दुखत नव्हता, जड झाला नव्हता. मी आतून सांगितलं, उचल. ते गेलं. आणि परत काही आलं नाही. पुन्हा सांगितलं. पुन्हा गेलं. मी त्या हाताकडे पाहत राहिले, काकांनी रविवारी पाहिलं होतं तसं, आणि ओरडायला तोंड उघडलं तर तेही तसंच गेलं, भिंतींकडे, आणि भिंतींनी ठेवून घेतलं.

पाचला कडी निघाली. आत्या आत आली, पडदा नीट केला आणि माझं मनगट धरून हात उचलला. टेलिफोनचा रिसीव्हर उचलावा तसा, रोजच्या सवयीने. मला तेव्हा कळलं की बत्तीस वर्षं ती काकांचा हात असाच उचलत आली होती.

७

शुक्रवारी सकाळी आकडा दोन हजार सातशे. नाच नाही.

मी बॅग भरली. कुठले कपडे घ्यायचे ते ठरत नव्हतं, म्हणजे कुठल्याच कपड्यांबद्दल मला काही वाटत नव्हतं, म्हणून हाताला लागले ते भरले. पत्र उशीखालून काढून वाचलं. अक्षरं कळत होती. आनंद कुठे असायचा ते आठवत होतं, घराच्या रिकाम्या खोलीतलं कपाट कुठे होतं ते आठवावं तसं. मग तळहात वर करून पाहिला. रात्री दोनदा हात धुऊनही शाई गेली नव्हती. का. मी ते मोठ्याने वाचलं. पुन्हा वाचलं. दहाव्या-बाराव्या वेळी मला स्वतःचा राग आला, आणि राग आल्याचा इतका आनंद झाला की रडूच फुटलं.

पावणेचारला मी बॅग घेऊन बाहेर आले. दाराकडे जायचं तर बोळातून जावं लागतं. बोळात तिघेही होते. काका भिंतीला टेकून स्टुलावर. आत्या रेडिओच्या खोलीच्या दाराशी, दार उघडं धरून. बाबा बाहेरच्या दारापाशी. आतून सेट सुरू असल्याचा उजेड येत होता. मी सेट लावला नव्हता.

आत्या म्हणाली, एक तास. गाडी सहाची आहे. बाबा स्कूटरवर सोडतील.

मी म्हटलं, नाही.

ती शांतपणे म्हणाली, हट्ट करू नकोस, शेवटचा दिवस आहे. मी म्हटलं, कोणाचा? माझा शेवटचा दिवस, हे खरं. उद्या माझे दोन हजार चारशे पन्नास होतील, आणि मग मी कुठेही जायला मोकळी. सोमवारी मीच म्हणेन की बदली नको, नोकरी नको, मला तीनला घरी यायचंय. तुम्ही मला थांब म्हणणारसुद्धा नाही.

"ठिणगे," बाबा म्हणाले. एवढंच. पण त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, थोडंसं उलट यायला धडपडणारं.

मी त्यांच्याकडे वळले. "बाबा, तुमचं का जुळलं नाही ते मला कळलं. तुम्ही बसलात तेव्हा तुम्हाला कशाचा तरी राग होता. आई होती तेव्हा. राग असला की परतीचा काटा शून्यावर बसत नाही."

त्यांनी बाहेरच्या दाराला हात टेकला.

घड्याळात चारला पाच कमी होते. आत्याचा आवाज पहिल्यांदा चढला. ती म्हणाली, तुला कळत नाहीये. मी तेव्हा तिथे होते. तू पाळण्यात होतीस, त्या दिवशी बसायची पाळी माझी होती, मी शाळेतून वीस मिनिटं उशिरा आले, वीस मिनिटं, आणि खुर्ची रिकामी होती. घरात सहा जण होते आणि मी दार उघडलं तेव्हा पाच होते. ताप वगैरे काही नाही. तुझ्या आईचा चहाचा कप तसाच होता, वाफ येत होती. आजोबा म्हणाले, आता कधीच रिकामी ठेवायची नाही. ठेवली आम्ही कधी? एक दिवस तरी? तुला वाढवलं ते कशाच्या जिवावर?

आत्या माझ्याशी कधी इतकं बोलली नव्हती. आणि मला तिची खरोखर दया आली, आणि दया येताच हात आपोआप बॅगेवरून सुटायला लागला. आत, टेबलाच्या कडेला, पितळ चमकत होतं. मधोमध झिजलेलं. माझ्या पंज्याच्या मापाचं.

मी डावी मूठ आवळली आणि मग त्यांच्यासमोर उघडली. तळहात वर.

"ती रिकामी राहिली तेव्हा एक जण गेलं," मी म्हणाले. "कबूल. आणि त्या दिवसापासून ती रोज भरलेली आहे. एकवीस वर्षं. आता मोज, आत्या. तू गणिताची आहेस ना? आत्ता या घरात आपण किती जण आहोत ते मोज. काकांना धरून मोजणार आहेस का?"

आत्याने काकांकडे पाहिलं. काका समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

"स्वतःला धरणार आहेस?"

आतल्या घड्याळाचा काटा चारवर आला. मीटरच्या उजेडात खुर्ची रिकामी होती. मी म्हटलं, "मी बसणार नाही. आज नाही, कधीच नाही. आणि का, ते तुम्ही मला विचारायचं. विचारा. एकदा तरी कोणीतरी विचारा."

मी थांबले. मला हवं होतं त्यांनी भांडावं. आत्याने पट्टी आपटावी, काकांनी म्हणावं आली ठिणगी, बाबांनी निदान माझं नाव पुन्हा घ्यावं. बोळ अरुंद होता, माझा आवाज तिघांपर्यंत नक्की पोचला होता.

काकांचा डावा पंजा मांडीवर पालथा होता. आत्याचा दाराच्या फळीवर, बोटं पसरून. बाबांचा बाहेरच्या दारावर, कडीच्या अगदी जवळ, तसाच सपाट. मी बघत राहिले. तिघांपैकी कोणाकडूनही काही परत आलं नाही.